वायझेड १२५

मोटोक्रॉसच्या शर्यतीसाठी यामाहा या जपानी कंपनीने बनवलेली हलकी टू-स्ट्रोक मोटरसायकल. १९७४ पासून हे नाव उत्पादनात आहे. एक सिलिंडर, सुमारे १२५ सीसी. सध्याच्या इंजिनात सिलिंडरचा व्यास ५४ मिमी आणि पिस्टनची धाव ५४.५ मिमी. सहा गिअर, किक मारून सुरू होणारी, टाकी भरल्यावर वजन ९५ किलोच्या आसपास. दिवे, आरसे, हॉर्न यांतले काहीच नाही, कारण ही रस्त्यावरची गाडी नव्हे. वंगणासाठी वेगळा पंपही नाही. पेट्रोलच्या तीस भागांना एक भाग तेल हाताने मिसळून टाकीत ओतायचे.

या गाडीच्या इंजिनातल्या बऱ्याच सुधारणांमागे एकच अडचण आहे. टू-स्ट्रोक इंजिनात मिश्रण आत घेणारी आणि धूर बाहेर सोडणारी पोर्टे काही काळ एकदमच उघडी असतात, त्यामुळे न जळलेले पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेने निसटते. पूर्व जर्मनीतील एमझेड कंपनीचे वाल्टर काडेन यांनी १९५० च्या दशकात फुगीर पोटाच्या एक्झॉस्टने यावर मात केली. त्या पोटात शिरलेली दाबलहर पुढच्या निमुळत्या भागावर आपटून परत येते आणि निसटू पाहणारे मिश्रण सिलिंडरमध्ये मागे ढकलते. फायदा मोठा, पण लहर अचूक वेळेवर पोचते ती ठरावीक फेऱ्यांच्या पट्ट्यातच. बजाज चेतक किंवा लुना चालवलेल्यांना ठाऊक असलेले टू-स्ट्रोक इंजिन कमी फेऱ्यांवरही निमूट ओढते. १२५ ची शर्यतगाडी खालच्या पट्ट्यात मरगळलेली असते आणि वर एकदम उसळते. स्वाराला क्लच आणि गिअरशी सतत झगडत तिला त्या पट्ट्यात ठेवावे लागते, नाहीतर चिखलाच्या वळणातून ती बाहेरच निघत नाही.

पहिली मोठी सुधारणा मात्र इंजिनातली नव्हती. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला मागच्या चाकाला जेमतेम १०० मिमीची हालचाल मिळे. उडी मारून गाडी खाली आली की स्वार उधळला जाई. बेल्जियमचे अभियंता ल्युसियाँ टिल्केन्स यांनी दोन बाजूंचे दोन शॉकॲब्सॉर्बर काढून टाकले आणि टाकीखाली, फ्रेमच्या पोटात, एकच लांब शॉकॲब्सॉर्बर आडवा बसवला. यामाहाने ही कल्पना विकत घेतली. १९७३ मध्ये स्वीडनचे हाकन अँडरसन यांनी त्याच पद्धतीच्या यामाहावर २५० सीसीचे जगज्जेतेपद जिंकले आणि ‘मोनोक्रॉस’ हे नाव कंपनीची ओळख बनले. लवकरच ही रचना १२५ वरही आली. दशक संपेपर्यंत चाकाची हालचाल ३०० मिमीच्या घरात गेली होती. मोटोक्रॉसचा वेग या एका बदलाने जितका वाढला, तितका इंजिनाच्या कोणत्याही बदलाने वाढलेला नाही. दोष होताच: टाकीखालचा शॉकॲब्सॉर्बर तापे आणि वजनही उंचावर राही. कावासाकी, होंडा आणि सुझुकी यांनी १९८० च्या सुमारास मागच्या चाकाच्या स्विंगआर्मला जोडदांडे बसवून शॉकॲब्सॉर्बर उभा केला. यामाहालाही पुढे त्याच वाटेने जावे लागले.

इंजिन थंड ठेवण्याचा प्रश्न छोट्या गाडीत अधिक जाचक ठरतो, कारण ती सतत शेवटच्या टोकापर्यंत पिळली जाते. सिलिंडर तापला की शक्ती घटते. १९७६ मध्ये बॉब हॅना यांनी ओडब्ल्यू२७ या पाण्याने थंड होणाऱ्या कारखानी यामाहावर अमेरिकेची १२५ ची राष्ट्रीय स्पर्धा जिंकली आणि आधीची दोन वर्षे होंडावर विजेते असलेल्या मार्टी स्मिथ यांची सद्दी संपवली. विक्रीच्या गाडीत पाणी आले ते १९८१ मध्ये. तेव्हा रेडिएटर पुढच्या क्रमांकपाटीमागे टांगला होता. वारा छान मिळे, पण वळताना हँडलवर तेवढे ओझे. नंतर तो टाकीच्या दोन बाजूंना, खाली सरकला.

मूळ अडचणीवर, म्हणजे शक्तीच्या अरुंद पट्ट्यावर, सर्वांत सरळ उपाय वायपीव्हीएस हा. एक्झॉस्ट पोर्टची उंची फेऱ्यांनुसार कमीजास्त करणारी ही झडप यामाहाने १९७७ मध्ये ५०० सीसीच्या रस्ता-शर्यतीच्या गाडीवर वापरली आणि १९८० च्या दशकात ती वायझेडवर आली. १२५ मध्ये ती विजेवर चालत नाही: इंजिन जोरात फिरू लागले की केंद्रोत्सारी बलाने सरकणारी वजने तिला उघडतात. खालच्या फेऱ्यांवर पोर्ट बुटके, वर उंच. पट्टा रुंदावला, नाहीसा झाला नाही. मिश्रण आत घेणाऱ्या बाजूला रीड व्हॉल्व्ह आहे. भारतात आरएक्स १०० आणि राजदूत ३५० मुळे तो गॅरेजांच्या परिचयाचा आहे.

१९९० च्या दशकाअखेर यामाहानेच वायझेड४००एफ ही फोर-स्ट्रोक आणून आपल्या टू-स्ट्रोकपुढे स्पर्धा उभी केली. पाठोपाठ २५० सीसीच्या फोर-स्ट्रोकला १२५ च्या वर्गात धावू देणारा नियम आला. दुप्पट आकाराच्या इंजिनाशी बरोबरी करायला लावणारा हा नियम न्याय्य म्हणवत नाही. २००७ नंतर होंडाने सीआर१२५आर बंद केली. सुझुकी आणि कावासाकीही या वर्गातून हटल्या.

यामाहा टिकली, आणि टिकली ती इंजिनाला फारसा हात न लावता. २००५ मध्ये पोलादी फ्रेम जाऊन ॲल्युमिनियमची आली. २००६ मध्ये पुढच्या चाकाला केवायबी कंपनीचे एसएसएस फोर्क आले. आतल्या तेलाची वाट हालचालीच्या वेगानुसार बदलत असल्याने बारीक खडबडीवर ते मऊ लागतात, तर मोठ्या आदळीला ताठ राहतात. या जोडगोळीवर गाडी जवळपास सोळा वर्षे चालली. स्पर्धकांचे फोर्क बदलत राहिले, तरी जाणकार अजून तुलना याच फोर्कशी करतात.

२०२२ मध्ये अखेर इंजिन नव्याने घडवले गेले: सिलिंडर, पिस्टन, क्रँक आणि क्रँककेस नवे, गिअरांची गुणोत्तरे बदललेली, हवा कार्ब्युरेटरकडे अधिक सरळ वाटेने जाईल अशी एअरबॉक्सची रचना. मिकुनीच्या जागी केहिन पीडब्ल्यूके ३८ कार्ब्युरेटर आला, पुढच्या ब्रेकच्या कॅलिपरमधील पिस्टन मोठे झाले. ऑस्ट्रियाच्या केटीएमने मात्र २०२३ च्या १२५ एसएक्सला इंधन-इंजेक्शन आणि बटन-स्टार्टर दिला. हवामान किंवा उंची बदलली तरी तिच्या स्वाराला इंधनाचे प्रमाण ठरवणारे जेट बदलावे लागत नाहीत. वायझेडच्या स्वाराला ते बदलावे लागतात. बदल्यात बॅटरी आणि इंधन-पंप यांचे ओझे त्याच्या गाडीवर नाही आणि बिघाड साध्या पान्यांनी घरी दुरुस्त होतो.