एव्हरेस्टवरील एकाकी उतरण

दुरून डोंगर साजरे, अशी म्हण आहे. परंतु डोंगराची खरी परीक्षा पुष्कळदां चढतांना नव्हे, तर उतरतांना द्यावी लागते. चढतांना मनांत उमेद असते आणि पुढें शिखर खुणावीत असतें. उतरतांना शरीर थकलेलें आणि मन गाफील झालेलें असतें. अशा वेळीं पायांखालीं स्की बांधून जगांतील सर्वांत उंच पर्वतावरून उतरूं पाहणें, हें धाडस कीं अविचार, असा प्रश्न कोणाच्याहि मनांत येईल. इ. स. १९९६ च्या मे महिन्यांत हान्स कामरलांडर यांनीं एव्हरेस्टवर एकट्यानें केलेली चढाई आणि उतरण या प्रश्नाचें उत्तर शोधण्यास बरीच मदत करते.

स्की म्हणजे टोंकाशीं किंचित् वर वळलेल्या दोन लांब, अरुंद पट्ट्या. त्या बुटांना बांधल्या म्हणजे शरीराचा भार बर्फावर पसरतो, पाय रुतत नाहींत आणि उतारावरून वेगानें घसरत जातां येतें. उत्तर युरोपांत हिवाळ्यांत जाण्यायेण्याचें हें फार जुनें साधन आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तें आल्प्स पर्वतांत रुजलें. १८९७ सालीं विल्हेल्म पॉल्के हे जर्मन गृहस्थ सोबत्यांसह स्कीवरून बर्न प्रांतांतील उंच हिमनद्या ओलांडून गेले, तेव्हां हें साधन गिर्यारोहणाच्याहि उपयोगी पडतें, हें लोकांना पटलें.

पुढें हिमालयाची पाळी आली. ६ मे १९७० रोजीं युइचिरो मिउरा हे जपानी गृहस्थ एव्हरेस्टच्या दक्षिण खिंडीजवळून, सुमारें ८,००० मीटर उंचीवरून, स्कीनें निघाले. वेग आवरण्यासाठीं त्यांनीं पाठीला हवाई छत्री बांधली होती. तरीहि ते पडले, शेंकडों मीटर घसरत गेले आणि एका मोठ्या हिमभेगेच्या अलीकडे कसेबसे थांबले. या प्रयोगावर पुढें निघालेला चित्रपट जगभर गाजला. पण त्याच मोहिमेंत बर्फ कोसळून सहा शेर्पा मृत्युमुखीं पडले होते, ही गोष्ट विसरतां येत नाहीं. मिउरा त्या वेळीं शिखरापर्यंत गेलेहि नव्हते. शिखर गांठून तेथून स्कीनें उतरण्याचें काम शिल्लकच राहिलें.

कामरलांडर यांचा जन्म १९५६ सालीं इटलींतील दक्षिण टिरोल या जर्मनभाषी मुलुखांत, आहोर्नाख नांवाच्या खेड्यांत झाला. पर्वतांतील वाटाड्या आणि स्कीचा शिक्षक हाच त्यांचा व्यवसाय. राइनहोल्ड मेसनर यांच्याबरोबर त्यांनीं हिमालय व काराकोरम येथील अनेक शिखरें सर केलीं. १९८४ मध्यें गाशेरब्रुम पर्वताचीं दोन शिखरें या दोघांनीं एकाच दमांत ओलांडलीं. १९९० सालीं डिएगो वेलिग या सोबत्यासह ते नंगा पर्वतावरून स्कीनें उतरले. मात्र त्यांच्या वाट्याला केवळ यशच आलें असें नाहीं. १९९१ च्या मे महिन्यांत मनास्लूवर एकाच दिवशीं त्यांचे दोन मित्र दगावले. एक कड्यावरून पडून, दुसरा वीज अंगावर पडून. पर्वत काय हिरावून घेतो, हें त्यांना कोणी सांगावयास नको होतें.

एव्हरेस्टवर हवा प्रसन्न असते ती वसंताच्या अखेरीस, मे महिन्यांत. हिवाळाभर शिखरावर आदळणारा उंचावरील प्रचंड वायुप्रवाह पावसाळा जवळ येतांच उत्तरेकडे सरकतो आणि थोडे दिवस वारा पडतो. चढणारास हीच संधि. पण हिवाळ्याच्या त्याच वाऱ्यानें तिबेटाकडील उत्तर अंगावरचें बर्फ खरवडून नेलेलें असतें आणि जागोजाग नुसता खडक उघडा पडतो. पावसाळ्यानंतर बर्फ मुबलक असतें. मग वर चढणाऱ्याचे पाय त्यांत रुततात, हिमलोट कोसळण्याचें भय वाढतें आणि थंडीहि दिवसेंदिवस तीव्र होत जाते. तात्पर्य, चढणारास एक ऋतु सोईचा, तर स्कीनें उतरणारास दुसरा. एकट्यानें आणि कृत्रिम प्राणवायूवांचून चढावयाचें म्हणून कामरलांडर यांनीं वसंत निवडला.

तें वर्ष वाईट होतें. १० व ११ मे रोजीं उठलेल्या वादळानें पर्वताच्या दोन्ही अंगांस मिळून आठ जणांचा बळी घेतला. त्यांत उत्तरेकडील वाटेनें गेलेले भारत-तिबेट सीमा पोलिस दलाचे तीन जवान होते. त्यानंतर अवघ्या तेरा दिवसांनीं, २३ मे रोजीं सायंकाळीं पांच वाजतां, कामरलांडर त्याच अंगानें ६,४०० मीटर उंचीवरील तळावरून पाठीशीं स्की बांधून निघाले. रात्रभर ते चालत राहिले. शिखराजवळ हवेचा दाब समुद्रसपाटीच्या मानानें केवळ एकतृतीयांश असतो. तेथें चार पावलें टाकून थांबावें लागतें. २४ मे रोजीं सकाळीं पावणेदहाच्या सुमारास, म्हणजे १६ तास ४५ मिनिटांनीं, ते ८,८४९ मीटर उंचीच्या शिखरावर पोंचले.

परततांना त्यांनीं स्की बांधल्या. कित्येक ठिकाणीं बर्फच नव्हतें. तेथें त्यांनीं स्की काढल्या, पायीं खडक उतरले आणि बर्फ लागतांच पुन्हां बांधल्या. तेव्हां संपूर्ण एव्हरेस्ट स्कीनें उतरल्याचा मान कांहीं त्यांना मिळत नाहीं. तो ७ ऑक्टोबर २००० रोजीं स्लोव्हेनियाचे दावो कार्निचार यांना मिळाला. पावसाळ्यानंतर दक्षिणेकडील बर्फ भरलेलें असतांना ते शिखरापासून तळापर्यंत स्की न काढतां पांच तासांच्या आंत उतरले.

मग १९९६ च्या त्या उतरणीचें मोल कमी ठरतें काय? विक्रमांच्या यादींत कदाचित् ठरेल. पण पर्वताचा इतिहास केवळ विक्रमांची यादी नव्हे. जेथें बर्फ आहे तेथें घसरावें, जेथें नाहीं तेथें चालावें, हा विवेक वरवर साधा दिसतो. परंतु इतक्या उंचीवर, शिणलेल्या देहाला आणि कीर्तीच्या मोहाला न जुमानतां तो पाळणें सोपें नाहीं.

याचा प्रत्यय पांच वर्षांनीं पुन्हां आला. २००१ सालीं के-टू या जगांतील दुसऱ्या क्रमांकाच्या शिखरावर कामरलांडर पोंचले. तेथून स्कीनें संपूर्ण उतरणें तोंपर्यंत कोणालाहि साधलें नव्हतें. तें पुढें २०१८ मध्यें पोलंडचे आंद्झेय बार्गिएल यांनीं साधलें. कामरलांडर यांनीं स्की बांधल्या आणि उतरण्यास आरंभ केला. इतक्यांत एक कोरियन गिर्यारोहक त्यांच्या देखत कोसळून खालीं नाहींसा झाला. कामरलांडर यांनीं तेथेंच स्की काढल्या आणि ते पायीं खालीं आले.

मान हातचा गेला, माणूस घरीं परतला. धाडस आणि अविचार यांतील सीमारेषा कोठें असते, याचा शोध घेणारानें स्की कोणीं कोठें बांधल्या, एवढेंच पाहूं नये. त्या कोणीं कोठें काढल्या, हेंहि पाहावें.