६५ टक्क्यांची गोळी

 

गेल्या आठवड्यात भाच्याचा फोन आला. तीन वर्षांपासून त्याला क्रोन्स आहे, म्हणजे आतड्याची जुनाट सूज. (आधी टीबी समजून सहा महिने टीबीच्या गोळ्या झाल्या. आपल्याकडे हे बऱ्याच जणांचं होतं.) फॅमिली ग्रुपवर कुणीतरी बातमी टाकली होती: क्रोन्सवर नवी गोळी, पंधरा दिवसांत ६५ टक्के रुग्णांना आराम. "मामा, आपल्याकडे मिळते का रे ही?"

बातमी उघडली तर २०१५ ची! ती गोळी आज कुठेच मिळत नाही. का मिळत नाही, ते त्याला सांगितलं, तेच इथे लिहितोय.

या आजाराचा टीबीशी घोळ पहिल्यापासूनचा. १९३२ साली न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय हॉस्पिटलमधल्या क्रोन, गिन्झबर्ग आणि ओपेनहायमर या तिघांनी १४ रुग्णांवर लेख लिहिला. लहान आतड्याचं शेवटचं टोक सुजतं, व्रण पडतात, वाट अरुंद होते. दिसायला टीबीसारखंच, पण टीबीचे जंतू सापडत नाहीत. लेखकांची नावं इंग्रजी अक्षरक्रमाने लागली, म्हणून आजाराला क्रोनचं नाव चिकटलं. ऑपरेशनं करणाऱ्या सर्जन बर्ग यांनी स्वतःचं नाव घालू दिलं नाही असं सांगतात, नाहीतर आज आपण 'बर्ग' म्हणत असतो.

पुढचा प्रश्न होता, रोग कमी झाला हे मोजायचं कसं? १९७६ मध्ये अमेरिकेत एक पद्धत ठरली. रुग्णाने सात दिवस वही लिहायची: पातळ जुलाब किती, पोट किती दुखलं, एकूण कसं वाटलं. त्यात वजन, रक्ततपासणी वगैरे मिळवून एक आकडा काढायचा. १५० च्या खाली आला की रोग शांत. ही वही लक्षात ठेवा.

आता ती गोळी. नाव मॉन्गर्सन. रोममधल्या जिओव्हानी मॉन्टेलिओने यांच्या गटाला दिसलं होतं की रुग्णांच्या आतड्यात स्मॅड-७ नावाचं प्रथिन वाढलेलं असतं आणि ते शरीराचा सूज आवरणारा ब्रेकच दाबून धरतं. मॉन्गर्सन हे प्रथिन बनूच देत नाही. गोळीचं आवरण असं की ती पोटात न विरघळता थेट आतड्याच्या आजारी टोकाशी उघडावी. कल्पना खरोखर देखणी होती. २०१४ मध्ये सेल्जीन या अमेरिकन कंपनीने हक्कांसाठी सुरुवातीलाच ७१ कोटी डॉलर मोजले.

२०१५ मध्ये निकाल छापून आला. १६६ रुग्ण, दोन आठवडे औषध. सर्वांत मोठा डोस घेतलेल्यांपैकी ६५ टक्क्यांचा रोग शांत. औषध नसलेली, दिसायला तशीच गोळी घेतलेल्यांपैकी फक्त १० टक्क्यांचा. जगभर बातम्या झाल्या, त्यातलीच एक आमच्या ग्रुपवर आली.

पण हे ६५ टक्के त्या वहीवरचे होते. दुर्बीण घालून आतले व्रण भरले का, हे त्या चाचणीत पाहिलंच नव्हतं. तज्ज्ञांनी तेव्हाच शंका काढली. मग ६३ रुग्णांची आणखी एक चाचणी झाली. तिच्यात दुर्बीण होती, पण नकली गोळीवाला गटच नव्हता. म्हणजे तुलना कशाशी करणार?

शेवटी मोठी चाचणी झाली, ७०१ रुग्णांची. ऑक्टोबर २०१७ मध्ये देखरेख समितीने अर्ध्यावरचे आकडे पाहिले आणि कंपनीने ती थांबवली. बारा आठवड्यांनी रोग शांत झालेले: मॉन्गर्सनवाले २२.८ टक्के, नकली गोळीवाले २५ टक्के. औषध न घेणारे किंचित पुढेच!

असं का झालं? मूळ संशोधकांनी नंतर दाखवलं की औषधाचे सगळे साठे सारखे नव्हते, काहींमुळे पेशींमधलं स्मॅड-७ कमीच होत नव्हतं. हे कारण असेलही. पण माझ्या मते पहिल्याच चाचणीत दुर्बीण घातली असती, तर इतक्या लोकांची इतकी वर्षं गेली नसती.

भाचा गप्प झाला. मग म्हणाला, "म्हणजे गोळी कधी नाहीच का?"

आहे की. उपाडासिटिनिबला अमेरिकेत मे २०२३ मध्ये क्रोन्ससाठी मंजुरी मिळाली. त्याच्या एका मोठ्या चाचणीत रोग शांत झालेले ४९.५ टक्के, नकली गोळीवर २९.१. पहिल्या बातमीपुढे हा आकडा फिकाच. पण इथे दुर्बीणही होती: व्रणांत ठरलेली सुधारणा ४५.५ टक्क्यांत, तिकडे १३.१. हे औषध प्रतिकारशक्तीही दाबतं, म्हणून सुरू करण्याआधी दडलेला टीबी तपासावाच लागतो. फिरून टीबीच.

तेव्हा त्याने खरी गोष्ट सांगितली. त्याच्या डॉक्टरांनी दुसऱ्याच एका गोळीच्या चाचणीत येतोस का म्हणून विचारलंय. संमतीपत्र घरी आणलंय, सही केलेली नाही. आम्ही फोनवरच प्रश्न काढले. नकली गोळीचा गट आहे का, आणि मी त्यात गेलो तर त्रास वाढल्यावर काय? दुर्बीण कधी कधी? क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीचा नोंदणी क्रमांक काय? चाचणीमुळे इजा झाली तर उपचार मोफत आणि भरपाई हे २०१९ च्या नियमांत आहे, ते कागदावर कुठे लिहिलंय? चाचणी संपल्यावर औषध मिळणार का?

सोमवारी अपॉइंटमेंट आहे. ताई म्हणाली, तूही जा बरोबर. जाणार आहे.