‘स्वमग्न’ : बातमीतल्या एका शब्दाचा इतिहास

१/ नागपुरातील प्रादेशिक मनोरुग्णालयाचा आरंभ १८६४ सालचा. काळानुसार संस्थेचे नाव बदलले. जवळचा चौक मात्र ‘पागलखाना चौक’च राहिला. अपघाताच्या आणि वाहतूक कोंडीच्या बातम्यांत तो आजही त्याच नावाने छापला जातो.

२/ या नावामागची दृष्टी कायद्यातही होती. १९१२ च्या ‘इंडियन ल्युनसी अॅक्ट’ने जन्मतः मंदबुद्धी मानलेल्या व्यक्तीलाही वेड्याच्याच व्याख्येत बसवले. १९९३ मध्ये नवा मानसिक आरोग्य कायदा अमलात येईपर्यंत हे चालले. हाकेला ओ न देणाऱ्या मुलासाठी वेगळा शब्द त्या कायद्याकडे नव्हता.

३/ वैद्यकाला तो १९४३ मध्ये मिळाला. बाल्टिमोरच्या लिओ कॅनर यांनी ११ मुलांचे वर्णन ‘ऑटिस्टिक’ या विशेषणाने केले. हे वेगळेपण जन्मजात आहे, असे त्यांनी निबंधात नोंदवले. पालकांच्या कोरडेपणावरही बोट ठेवले. वृत्तपत्रांनी यातले नेमके दुसरे उचलले. एप्रिल १९४८ मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकाने ही मुले मथळ्यातच ‘गोठलेली’ ठरवली आणि दोष आईबापांच्या थंडपणावर गेला. १९६४ मध्ये बर्नार्ड रिमलंड यांनी ही उपपत्ती खोडून काढली. ते स्वतः अशा मुलाचे वडील होते. तोवर किती मातांनी हा आरोप पदरात घेतला असेल!

४/ १९९८ मध्ये आरोपी बदलला. अँड्र्यू वेकफिल्ड यांनी १२ मुलांवरील निबंधाच्या आधारे एमएमआर लसीवर संशय घेतला. ब्रिटिश वृत्तपत्रांनी ती भीती घरोघरी पोचवली. २०१० मध्ये ‘लॅन्सेट’ने निबंध मागे घेतला. त्यातील लबाडी शोधून काढली तीही ब्रायन डीअर या पत्रकारानेच.

५/ मराठीत ‘ऑटिझम’ची ‘स्वमग्नता’ झाली. ग्रीक ‘ऑटोस’ म्हणजे स्वतः. तेव्हा भाषांतर चोख. पण मग्न माणूस आपल्या इच्छेने मग्न असतो, असा मराठी कानाचा समज. जनतेकडे पाठ फिरवणाऱ्या सत्ताधाऱ्यांनाही अग्रलेख ‘स्वमग्न’च म्हणतात. बोलू पाहणाऱ्या पण शब्द न सापडणाऱ्या पाच वर्षांच्या मुलाला तेच विशेषण लागते.

६/ कायद्याची गती याहून संथ. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यातील सात प्रकारांत ऑटिझम नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात तो आला, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत त्याला जागा मिळाली.

७/ अलीकडे बातमीचा सूर दयेकडून पराक्रमाकडे वळला आहे. २० मार्च २०२२ रोजी मुंबईच्या १३ वर्षांच्या जिया राय हिने पाल्कची सामुद्रधुनी १३ तास १० मिनिटांत पोहून पार केली. अशा वेळी ‘ऑटिझमवर मात’ हा मथळा हाताशी तयारच असतो. जियाने मात केली ती सुमारे २९ किलोमीटर समुद्रावर; ऑटिझम तिच्यासोबत धनुष्कोडीच्या किनाऱ्याला लागला.