कापूस, संत्री आणि टोकन

गणपतीच्या आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत भाच्याने फोन पुढे केला. "मामा, हे नवं टोकन चार दिवसांत आठपट झालंय. घराच्या डाउन पेमेंटसाठी ठेवलेल्यातले थोडे घालू का?" मी इथल्या बँकेत वीस वर्षे कर्जाची प्रकरणे तपासली, म्हणून असले प्रश्न माझ्याकडे येतात. मला मात्र १८६५ सालची मुंबई आठवली.

ती मुंबई खरे तर अमेरिकेनेच श्रीमंत केली. एप्रिल १८६१ मध्ये इथे यादवी युद्ध पेटले, उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे अडवली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला. मग आपल्याकडचा कापूस सोन्याच्या भावाने जाऊ लागला. हाती आलेला पैसा ठेवायचा कुठे? नव्या बँका निघाल्या, समुद्र बुजवून जमीन काढणाऱ्या कंपन्या निघाल्या. बॅकबे रेक्लमेशनच्या ५,००० रुपयांच्या शेअरला ५०,००० भाव आला. जमीन अजून पाण्याखालीच होती! प्रेमचंद रायचंद यांच्या शब्दाला तर हुंडीची किंमत. बँक ऑफ बॉम्बेही शेअर्सच्या तारणावर कर्ज देई. इथे माझ्यातला बँकवाला अडखळतो: कर्ज काढून शेअर, त्याच शेअरच्या तारणावर पुन्हा कर्ज, त्यातून आणखी शेअर. शिवाय कितीतरी सौदे वायद्याचे, १ जुलै १८६५ रोजी चुकते करायचे.

९ एप्रिल १८६५ रोजी ॲपोमॅटॉक्सला जनरल ली शरण आला. बातमी मुंबईला पोचली, कापूस गडगडला आणि १ जुलैला पैसे मोजायला कोणी पुढे येईना. बॅकबेचा शेअर २,००० च्याही खाली आला; २,८५० पर्यंत चढलेला बँक ऑफ बॉम्बेचा शेअर पुढे ८७ ला विकावा लागला. डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारख्या विद्वानाची मिळकतही त्यात गेली. प्रेमचंदांनी आईच्या नावाने दिलेल्या देणगीतला राजाबाई टॉवर तेवढा आजही उभा आहे.

आता इथली गोष्ट. फ्लोरिडात हॉवी कंपनी संत्र्यांच्या बागेचे पट्टे विकत असे आणि मशागतीचा करारही आपल्याच जोडकंपनीशी करवून घेई. घेणारे बहुतेक परराज्यातून तिच्या हॉटेलात उतरलेले पाहुणे. ते कुठले झाडांना पाणी घालायला येणार? १९४६ साली सुप्रीम कोर्टाने ठरवले की कागदावर जमीन असली, तरी दुसऱ्याच्या मेहनतीतून नफा मिळेल या आशेने एका सामाईक उद्योगात पैसा घातला, तर तो रोखाच. हॉवीची झाडे निदान खरी होती! रोखे आयोगाने २०१८ साली गंमत म्हणून नव्हे, धडा म्हणून 'हॉवीकॉइन्स' नावाचे खोटे टोकन मांडले: भारदस्त माहितीपत्रक, नामवंतांची शिफारस, मुदत संपत आलेली सवलत. विकत घ्यायला बटण दाबले की सावधगिरीची सूचना समोर येई. फेब्रुवारी २०२५ मध्ये मात्र आयोगाच्या अधिकाऱ्यांनी सांगितले की मीम-कॉइन सर्वसाधारणपणे रोखे नव्हेत. म्हणजे ते घेणाऱ्याच्या डोक्यावर रोख्यांच्या कायद्याचे छत्र नाही.

२०२१ मध्ये 'स्क्विड' टोकन २,८६१ डॉलरपर्यंत चढले आणि १ नोव्हेंबरला काही मिनिटांत मातीमोल झाले. घेणे सोपे होते, पण बहुतेकांना ते विकताच येत नव्हते.

म्हणून भाच्याला विचारले, यातली किती टोकने पहिल्या दहा खात्यांत आहेत? काढणाऱ्याला हवी तेवढी नवी पाडता येतात का? सौद्यांसाठी ठेवलेला पैसा तो केव्हाही उचलून नेऊ शकतो, की कुलूपबंद आहे? खातेवही सर्वांना उघडी असते, पाहता येते. १८६५ च्या मुंबईकराला ही सोय नव्हती. त्याने यातले काहीच पाहिले नव्हते. वर हळूच म्हणाला, "दोनशे डॉलरचं कालच घेतलंय."

"मग त्यातलं वीस डॉलरचं आत्ता विकून दाखव."

त्याने बटण दाबले. व्यवहार झाला नाही. पुन्हा दाबले, तेच. तिसऱ्यांदा त्याने चष्मा काढून पुसला आणि फोन डोळ्यांजवळ नेला. मागून कोणीतरी म्हणाले, "अहो, रांग पुढे सरकतेय."