अंगण आणि उंबरठा

बालशिक्षणाच्या इतिहासात एक विलक्षण उपरोध आहे. डॉ. मारिया माँटेसोरी यांनी आपली शिक्षणसाधने प्रथम रोममध्ये, मंदबुद्धी गणल्या गेलेल्या मुलांसाठी वापरली. १९०७ साली त्यांनी उघडलेल्या बालगृहामुळे ती इतर मुलांच्या हाती आली. पुढे ही पद्धती जगभर गेली. परंतु ज्यांच्यामुळे ती आकारास आली, ती मुले मात्र बहुधा बालमंदिरांच्या उंबरठ्याबाहेरच राहिली.

ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीस ग्रामीण बालशिक्षणाचा प्रयोग आरंभिला. महागड्या साधनांची जागा शंखशिंपल्यांनी व बियांनी घेतली. मूल शाळेत येत नसेल, तर शाळेने मुलाच्या अंगणात जावे, हे त्यांचे सूत्र होय. १९७५ पासून सरकारी अंगणवाड्या निघाल्या. आज बोर्डीपासून बंगळूरच्या चामराजपेटेपर्यंत 'अंगणवाडी' हा शब्द घरोघरी परिचित आहे.

तथापि २०१६ च्या कायद्याने किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्या बालकांना मोफत शिक्षणाचा हक्क दिला, तो सहाव्या वर्षापासून. वाचेची व हालचालींची जडणघडण होते ती वर्षे त्याआधीची! २०२३ साली केंद्र सरकारने अंगणवाड्यांसाठी दिव्यांग बालकांविषयीची कार्यपद्धती जाहीर केली. चालू न शकणाऱ्या मुलाच्या अंगणात शाळा जाऊन पोचेल, तेव्हाच ताराबाईंचे सूत्र खऱ्या अर्थाने पुरे होईल.