काळा धूर आणि पत्र्याचा तुकडा

आजचा भाग ज्यांच्या घरी जुनी डिझेल गाडी आहे त्यांच्यासाठी. बाकीच्यांनीही ऐका, कारण धूर सगळ्यांच्याच नाकात जातो.

माझ्या मामांकडे २०१२ सालचा छोटा ट्रक आहे. पिंपळगावहून टोमॅटो घेऊन वाशीला जायचं, येताना मिळेल तो माल भरायचा. मागच्या पावसाळ्यात परत येताना कसारा घाटात गाडी ओढेचना. मागे काळाकुट्ट धूर. मिस्त्रीने बघितलं न बघितलं, म्हणाला, "मामा, नोझल गेली." नोझल बदलली, पैसे गेले, धूर तसाच.

आता मिस्त्रीला पहिली नोझलच का आठवली? नाशिकमध्ये ते साहजिक आहे हो. सातपूरला मायकोच्या कारखान्यात डिझेलच्या नोझल बनायच्या, आणि मायको सर्कल तर आपला पत्ताच झाला. २००८ मध्ये कंपनीचं नाव बॉश झालं, चौकाचं कोण बदलणार! जुन्या इंजिनात काळा धूर म्हटलं की पंप, नोझल नाहीतर हवेचा फिल्टर, बहुतेक वेळा यातच उत्तर सापडायचं.

पण मामांच्या ट्रकमध्ये आणखी एक भाग आहे, ईजीआर व्हॉल्व्ह. त्याची गोष्ट सुरू होते लॉस एंजेलिसमध्ये. १९४० च्या दशकात त्या शहरावर डोळे चुरचुरणारं धुरकं पसरायला लागलं. हागेन-स्मिट नावाचे एक शास्त्रज्ञ तेव्हा अननसाच्या वासावर काम करत होते (खरंच!). त्यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवून दिलं की गाड्यांतून निघणारे नायट्रोजन ऑक्साइड आणि न जळलेलं इंधन उन्हात एकत्र आले की हे धुरकं बनतं. आणि नायट्रोजन ऑक्साइड बनतात ते इंजिनातली ज्वाला फार तापली की. मग उपाय निघाला: जळून गेलेला थोडा वायू परत इंजिनात सोडायचा. त्यात ऑक्सिजन कमी, म्हणून ज्वाला थंड. १९७३ च्या सुमारास हे अमेरिकन गाड्यांत सर्रास दिसू लागलं.

आपल्याकडे २००० पासून नियम टप्प्याटप्प्याने कडक झाले आणि २०१० मध्ये बीएस-३ देशभर आलं. पण बीएस-३ च्या डिझेलमध्ये गंधक ३५० पीपीएमपर्यंत चालायचं, आज ती मर्यादा १० आहे. त्या इंधनाची काजळी आणि इंजिनमधली तेलाची वाफ एकत्र आली की व्हॉल्व्हवर डांबरासारखा थर बसतो.

मामा मग दुसऱ्या मिस्त्रीकडे गेले. म्हातारा माणूस, घाई नाही. त्याने आधी फिल्टर बघितला, टर्बोपासूनचे पाइप फुटलेत का ते चाचपलं, पाण्याची पातळी बघितली (ईजीआरचा कूलर गळला तर पाणी कमी होतं आणि पांढरा धूर येतो). मग व्हॉल्व्हची व्हॅक्यूमची नळी काढून हातपंप लावला. व्हॉल्व्ह उघडला की इंजिनचा आवाज बदलायला हवा, सोडला की पूर्ववत. इथे काहीच फरक नाही. खोलला तर अर्धा उघडा राहून अडकलेला. घाटात ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की हा बंद व्हायला हवा, इंजिनला ताजी हवा मिळावी म्हणून. तो उघडाच, म्हणून धूर आणि ओढ गायब.

मला खटकलेली गोष्ट पुढेच आहे. व्हॉल्व्ह उघडा अडकला तर ड्रायव्हरला लगेच कळतं. बंद अडकला तर ड्रायव्हरला जवळजवळ काहीच कळत नाही, गाडी उलट बरीच वाटते. नायट्रोजन ऑक्साइड मात्र वाढतात, आणि ते द्वारका चौकात उभ्या माणसाच्या छातीत जातात. म्हणूनच पत्र्याचा तुकडा टाकून ईजीआर बंद करणं एवढं लोकप्रिय. खरं तर तपासणीसाठी ती पद्धत ठीक आहे: पत्रा टाकला आणि धूर थांबला, तर दोष व्हॉल्व्हचाच असण्याची शक्यता मोठी. गडबड एवढीच की तपासणीचा पत्रा नंतर कोणी काढत नाही.

मिस्त्रीने विचारलं, "साफ करू का पत्रा टाकू?" पत्र्याला शंभर रुपये, सफाईला अख्खा दिवस, म्हणजे एक खेप बुडाली. मामा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "साफ कर. पोरगं सीबीएसला कॉलेजच्या बससाठी उभं राहतं."