मेहनतान्याचा आकडा

खेळाच्या गप्पांत पैशाचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, 'खेळायचेच तर पैसे, एवढे कशाला हवेत?' कालपर्यंत डोक्यावर घेतलेला खेळाडू जास्त मागू लागला की लोभी ठरतो. पुढच्या वर्षी तो प्रतिस्पर्धी संघात दिसला की गद्दार. मालकानं किती कमावलं, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही.

मी कविता लिहिणारा माणूस. कवितेचे जे काही मिळतात त्याला आपण मानधन म्हणतो आणि आकडा विचारणं असभ्य समजतो. मला 'मेहनताना' हा शब्द अधिक जवळचा वाटतो. त्यात मेहनत आधी येते. हा मेहनताना ठरवायचा कुणी, या प्रश्नावर अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये मोठी लढाई झाली. तो खेळ आपल्याकडे फारसा कुणी पाहत नाही, पण ती लढाई समजून घेण्यासारखी आहे.

तिथे 1879 पासून एक रिवाज होता. करार संपला तरी खेळाडूवरचा क्लबचा हक्क संपत नसे. क्लब देईल त्या पगारावर खेळायचं, विकेल तिथे जायचं, नाहीतर खेळ सोडायचा. 1966 मध्ये मार्विन मिलर खेळाडूंच्या संघटनेत आले. ते पोलाद कामगारांच्या युनियनमध्ये घडलेले. तेव्हा बेसबॉलपटूचा किमान पगार वर्षाला 6,000 डॉलर होता.

1969 मध्ये सेंट लुईसच्या कर्ट फ्लडला न विचारता फिलाडेल्फियाला देऊन टाकलं. वर्षाला 90,000 डॉलर मिळवणाऱ्या या कृष्णवर्णीय खेळाडूनं जायला नकार दिला आणि तो कोर्टात गेला. माणूस ही विकण्याची वस्तू नाही, एवढंच त्याचं म्हणणं. एवढा पगार घेणारा कसला गुलाम, असं लोक विचारत. पगार चांगला असला तरी गुलाम तो गुलामच, असं त्याचं उत्तर होतं. 1972 मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो पाच विरुद्ध तीन मतांनी हरला.

पण प्रश्न मिटला नव्हता. 1973 च्या करारात मालकांनी पगाराच्या वादासाठी त्रयस्थ लवाद मान्य केला आणि 1974 च्या फेब्रुवारीत पहिल्या सुनावण्या झाल्या. पद्धत मोठी हुशारीची. खेळाडूनं आपला आकडा द्यायचा, क्लबनं आपला. लवादानं दोहोंपैकी एकच निवडायचा, मधला काढायचा नाही. त्यामुळे अवाच्या सव्वा मागणारा हरतो आणि अगदीच कमी देऊ करणाराही हरतो. दोघंही आपोआप शहाण्यासारखे आकडे देतात आणि बहुतेक वाद सुनावणीआधीच मिटतात. त्या पहिल्या वर्षी 29 प्रकरणं झाली. 13 खेळाडू जिंकले, 16 वेळा क्लब.

जिंकलेल्यांत ओकलंडचा रेगी जॅक्सन होता. मालक चार्ली फिन्ली 1 लाख डॉलर द्यायला तयार होते, त्यानं 1 लाख 35 हजार मागितले आणि मिळवले. ओकलंडनं 1972, 1973 आणि 1974 अशी सलग तीन विजेतेपदं मिळवली. 1975 च्या डिसेंबरात पीटर साइट्झ या लवादानं दुसऱ्या एका प्रकरणात जुना रिवाजच मोडीत काढला. खेळाडू मोकळे झाले आणि ओकलंडचा संघ पांगला. जॅक्सन 1977 मध्ये न्यूयॉर्क यांकीजकडून खेळला आणि अंतिम मालिकेच्या निर्णायक सामन्यात त्यानं तीन होमरन मारले. इकडे 1979 मध्ये ओकलंड 108 सामने हरलं.

अशा वेळी प्रेक्षकाला पैशाचा राग येणं स्वाभाविक आहे. पण लवादापुढे काय चालतं तेही पाहावं. तिथे क्लबचे वकील खेळाडूच्या तोंडावर त्याच्या उणिवा वाचून दाखवतात. 2022 मध्ये मिलवॉकी एका विजयाच्या फरकानं फिलाडेल्फियाच्या मागे राहिलं आणि बाद फेरी हुकली. पुढच्या फेब्रुवारीत कॉर्बिन बर्न्स हा त्यांचा अव्वल पिचर लवादापुढे हरला. फरक होता साडेसात लाखांच्या आसपास डॉलरचा. संघ बाद फेरीत न गेल्याचं खापर क्लबनं आपल्यावर फोडलं, हे त्यानं उघडपणे बोलून दाखवलं. 2024 मध्ये तो बाल्टिमोरकडे गेला.

लवाद खेळाडूची कामगिरी बघतो, तशी संघाची कामगिरी आणि मैदानावरची गर्दीही बघतो. क्लबच्या आर्थिक परिस्थितीचा पुरावा मात्र तिथे चालत नाही. म्हणजे तुमचं-आमचं तिकीट हाही पुराव्याचा भाग असतो. प्रेक्षक या हिशेबात आहे, पण त्याला तिथे बोलता येत नाही.

त्याचा अर्थ ओकलंडकरांना फार कडवटपणे कळला. नव्या स्टेडियमवरून बोलणी फिसकटली आणि मालकानं संघच लास व्हेगासला न्यायचं ठरवलं. 13 जून 2023 रोजी ओस पडणाऱ्या त्या मैदानात 27,759 लोक मुद्दाम जमले. संघ विकून टाका, असं ते मालकाला ओरडून सांगत होते. आम्ही येतो, आम्ही आहोत, हा त्यांचा पुरावा होता. तो ऐकायला लवाद नव्हता. 26 सप्टेंबर 2024 रोजी ओकलंडमधला शेवटचा सामना झाला आणि 2025 मध्ये संघ सॅक्रामेंटोजवळ खेळू लागला.

जॅक्सन गेला तेव्हा एक खेळाडू गेला होता. या वेळी 1968 पासून ज्यांनी तिकिटं काढली त्यांच्या डोळ्यांदेखत संघ गेला. खेळाडूनं निदान आपला आकडा सांगण्याचा हक्क भांडून मिळवला. प्रेक्षकाला तो अजून मिळालेला नाही. म्हणून पुढच्या वेळी कुणाच्या मेहनतान्यावर बोट ठेवताना तिकिटाचे पैसे शेवटी कुणाच्या खिशात जातात, तेही विचारावं.